दवातली तडतड

रुपाबाई सात वर्षांची असताना रिठदच्या रस्त्याकडेला टेलिफोनचे खांब रोवले गेले. शाळेतून येताना पोरी एका ठरलेल्या खांबाशी थांबायच्या, पाळीपाळीनं कान लावायच्या आणि आत काय ऐकू आलं ते एकमेकींना सांगायच्या. एकीला वाटायचं, मुंबईचा माणूस बोलून राह्यला. दुसरीला त्यात गाडीचा भोंगा ऐकू यायचा. रुपाबाईला मात्र आत कुणी बोलतंय असं कधीच वाटलं नाही. तिला एवढं कळलं होतं की वारा सुटला की खांब गुणगुणतो आणि वारा पडला की मुका होतो. हे तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा आई चुलीपाशी बसली होती. "खांबाले कान लावून लावून एखाद्या दिवशी कानात मुंगी जाईन," एवढंच ती म्हणाली.

चौथीनंतर शाळा सुटली, पण ऐकायची खोड सुटली नाही. टरबूज पिकलं की नाही हे ती टिचकी मारून सांगायची. विहिरीवरची मोटर पाणी ओढते आहे की कोरडी फिरते आहे, हे तिला घरात भाकरी थापता थापता समजायचं. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती वाशीमच्या कडेला, गाभणे कुटुंबाच्या मळ्यात आली. अडीच एकर जमीन, एक विहीर, आणि वाफ्यावाफ्यांतून मेथी, पालक, वांगी, सांबार. सांबार म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर. नवरा मारोतराव अबोल माणूस. शेतातून आले की हातपाय धुऊन पेटी काढायचे. दर गुरुवारी त्यांच्या ओसरीवर भजन बसायचं, आणि पेटीवर मारोतराव असायचे.

त्या वेळी मळ्यातून शहर दिसतही नव्हतं. उत्तरेकडचा वारा असला तर रेल्वेचा भोंगा ऐकू यायचा, तेवढीच शहराची खूण. मग हळूहळू ज्वारीच्या रानांत चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट पडले, कमानी उभ्या राहिल्या. एक दिवस बांधापलीकडच्या पडीक रानात बुलडोझर आला. लोक म्हणाले, अठी पावर हाऊस होणार, म्हणजे विजेचं उपकेंद्र.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. रान सपाट केलं गेलं, त्यावर गिट्टी अंथरली गेली, भोवती भिंत आली, आणि आत लोखंडी पट्ट्यांच्या उंच चौकटी उभ्या राहिल्या. ट्रान्सफॉर्मर आला तो एवढ्या लांब गाडीवरून, की रुपाबाईनं भाजी निवडणं सोडून तिची चाकं मोजली. दोनदा मोजली, दोन्हीदा वेगळी भरली. पावर हाऊसला येणारी मोठी लाईन त्यांच्याच शेताच्या नाल्याकडच्या कोपऱ्यावरून गेली, आणि त्या कोपऱ्यात तीन हातांचा टॉवर उभा राहिला. प्रत्येक हाताला चिनी मातीच्या बशांची एक माळ लोंबत होती आणि त्या माळेच्या टोकाला तार. बशा कायले, तार सरळ लोखंडाले काहून नाई बांधली, असं तिनं वर चढलेल्या एका माणसाला खालून विचारलं होतं. तो माणूस बंगालकडचा होता. त्याला तिचं बोलणं समजलं नाही. तो हसला आणि कामाला लागला.

पावर हाऊस सुरू झालं त्या दिवशी आत नारळ फुटले, पेढे वाटले गेले, आणि थोड्या वेळानं बांधावर उभ्या असलेल्या रुपाबाईच्या कानात एक जाड, सपाट घुंईऽऽ शिरली. ती मग दिवसरात्र चालूच राहिली.

"झालं," मारोतराव म्हणाले. "आता हे जन्मभर ऐका."

शेजारपाजारच्या लोकांना महिनाभर त्या आवाजाचा त्रास झाला, मग सवय झाली, मग तो आवाज आहे हेही ते विसरले. रुपाबाई विसरली नाही. तिला तो आवाज ओळखीचा वाटायचा, पण कुठला ते सापडत नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं नवऱ्याला पेटी घेऊन बांधावर चलायला सांगितलं. मारोतरावांनी आजूबाजूला कुणी बघत नाही ना हे पाहिलं आणि पेटी उचलली. बांधावर बसून त्यांनी खर्जातली एकेक पट्टी दाबली. पांढरी पाच दाबली तर पेटी पावर हाऊसच्या जराशी खाली राहायची. तिच्या पुढची काळी चार दाबली तर पेटी वर जायची. घुंई दोघींच्या मधे कुठंतरी होती, पांढरी पाचच्या जास्त जवळ.

"बेसूर हाय," मारोतराव म्हणाले.

"बेसूर नाई. आपल्या पेटीत त्याची पट्टी नाई," रुपाबाई म्हणाली.

पुढं वर्षभरात तिनं आणखी बरंच टिपलं. सूर कधीच बदलत नाही. सकाळ असो की संध्याकाळ, उन्हाळा असो की हिवाळा. आवाज मात्र लहानमोठा होतो. हिवाळ्यात शेतांच्या मोटरांना लाईन सुटली की घुंई भारी होते. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर पंख्यांची घरघर चढते. कधी आतून बंदुकीच्या बारासारखा एक आवाज होतो आणि पाठोपाठ कुठल्यातरी गावाची लाईन गेलेली असते. यातलं काही तिच्या कामाचं नव्हतं. तरी वांग्याला खत देताना ती मधेच हात थांबवून ऐकायची, आणि मारोतराव विचारायचे, "आता काय ऐकून राह्यली वं?"

एकदा मात्र कामाचं निघालं. त्यांनी लाईनीखाली, लाईनीच्याच दिशेनं कारल्याचा मांडव घातला होता. लाकडी बल्ल्या आणि वर गॅल्व्हनाइजची लांबच लांब तार. वेल चढले, कारली लागली, आणि तोडायला हात लावला की बोटांना मुंग्या यायला लागल्या. मांडवाच्या तारेला कुठंही विजेची तार शिवत नव्हती. मधे चांगलं तीन-चार पुरुष अंतर होतं. मजूर बाया म्हणाल्या, मांडवात काहीतरी आहे, आम्ही नाही येत. रुपाबाईनं पावर हाऊसच्या फाटकावर जाऊन सांगितलं. एक म्हातारा लाईनमन आला, त्यानं मांडवाच्या तारेला जागोजागी जाड तार जोडून ती लोखंडी सळ्यांनी जमिनीत उतरवली. मुंग्या गेल्या.

"पण भाऊ, तार शिवली नाई त वीज आली कशी?" तिनं विचारलं.

"हवेतून येते, बाई."

"हवेतून कशी येते?"

लाईनमननं हत्यारं पिशवीत भरली. "थे आम्हाले शिकवलं नाई," तो म्हणाला. तो खरं बोलला म्हणून रुपाबाईला तो आवडला.

गेल्या हिवाळ्यात रुपाबाई छप्पन्न वर्षांची झाली होती. मार्गशीर्षातली गोष्ट. उजाडताना ती मेथी उपटायला नाल्याकडच्या वाफ्यात बसली होती. घुंई नेहमीची चालू होती, आणि तिच्या आड काहीतरी तडतडत होतं. गरम तेलात ओली मोहरी पडावी तसं. थोडं थांबायचं, पुन्हा तडतडायचं. ती उठून उभी राहिली. आवाज टॉवरकडून येत होता.

तिनं मारोतरावांना बोलावून आणलं. त्यांनी टोपी मागं सारली, मान कलती केली.

"रातकिडा हाय."

"रातकिडा टॉवरवर कायले चढन?"

"मले त काईच येत नाई ऐकू," मारोतरावांनी मग कबूल केलं. वयानं त्यांचा बारीक आवाजांचा कान गेला होता. पेटीतल्या वरच्या पट्ट्याही आता ते बोटांच्या सवयीनंच वाजवायचे.

रुपाबाईनं विचार केला, आवाज कधी येतो ते तरी बघावं. भिंतीवरच्या कॅलेंडरात, ज्या दिवशी तडतड ऐकू आली त्या तारखेवर ती पेन्सिलीनं फुली मारायला लागली. पंधरा दिवसांत नऊ फुल्या झाल्या. फुल्यांचा काही मेळ लागत नव्हता. सोमवार नाही, चतुर्थी नाही, मोटरांच्या लाईनीच्या वेळा नाहीत. मग एका सकाळी मेथीतून बाहेर येताना तिनं पातळाचा ओला काठ पिळला आणि तिच्या लक्षात आलं. ज्या दिवशी काठ ओला, त्याच दिवशी आवाज. दव पडलं की तडतड. ऊन तापून दव उडालं की गप्प.

हे समजलं तशी दुसरी अडचण उभी राहिली. दव काही एकाच जागी पडत नाही. टॉवरचे तिन्ही हात भिजतात, तिन्ही माळा भिजतात. कान देऊन ऐकलं तर ओल्या सकाळी तिन्हींतून बारीक सुस्सऽ येत होतंच. मग तडतड कुणाची? खालून ऐकताना सगळं एकात एक मिसळत होतं. दोन दिवस तिला उमज पडली नाही. तिसऱ्या दिवशी ती गहू पाखडत बसली होती. सूप तोंडासमोर उभं धरून तिनं फुंकर मारली आणि तिला स्वतःच्या फुंकरीचा आवाज मोठा होऊन परत आला. तिनं सूप कानामागं धरून पाहिलं. अंगणातल्या कोंबडीचा आवाज एकदम कानाशी आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे रुपाबाई कानामागं सूप धरून टॉवरपासून दूर बांधावर उभी होती. सूप इकडं वळवलं की एक माळ ऐकू यायची, तिकडं वळवलं की दुसरी. वरचा हात, सुस्स. पावर हाऊसकडचा हात, सुस्स. नाल्याकडचा खालचा हात, तडतड. तिनं जागा बदलली, नाल्याच्या पलीकडून ऐकलं. तिकडूनही तोच हात.

रस्त्यानं फिरायला जाणाऱ्या दोन शिक्षकांनी तिला सूप घेऊन उभी पाहिली आणि रामराम न घालताच ते पुढं गेले.

फाटकावर त्या दिवशी धीरज होता. तो पावर हाऊसमधला ऑपरेटर, तिशीतला, घरी जाताना रुपाबाईकडून भाजी नेणारा. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"काकू, थ्याले कोरोना म्हणतात," धीरज म्हणाला.

"कोरोना? थो त गेला ना बाप्पा?"

"थो नाई. हा विजेचा कोरोना. मोठ्या लाईनीवर होतेच. हवा ओली असली की तारेभोवती आवाज येते. काई काळजी करू नोका."

"तिन्ही हातांले येते का?"

"येते ना."

"तिन्हींचा सारखाच येते?"

धीरजनं टॉवरकडं पाहिलं. तो भला पोरगा होता. "दुपारी जेवण झालं की येतो पाहायला," तो म्हणाला, आणि खरंच दोन वाजता आला. टॉवरखाली लख्ख ऊन होतं. सूप कानाला धरून त्यानं चांगली पाच मिनिटं ऐकलं. घुंईशिवाय काही नव्हतं. त्यानं सूप परत दिलं आणि एक पालकाची जुडी मागून घेतली. तो हसला नाही, पण त्यामुळंच रुपाबाईला जास्त ओशाळल्यासारखं झालं. घरी आल्यावर तिनं सूप खुंटीला अडकवलं आणि दोन दिवस नाल्याकडच्या वाफ्यात गेलीच नाही.

सूप खुंटीवरून निघालं ते योगिनीमुळं. योगिनी ही पावर हाऊसची ज्युनियर इंजिनिअर, कामरगावची मुलगी, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेली. धीरजनं जेवताना सूपवाल्या काकूंची गोष्ट गंमत म्हणून सांगितली होती. योगिनीच्या मनात त्यातली एकच गोष्ट अडकली. ती स्कूटीवरून मळ्यात आली आणि मेथी मागता मागता म्हणाली, "काकू, तुमी तिन्ही हात वेगवेगळे ऐकले म्हणे?"

रुपाबाईनं आत जाऊन कॅलेंडर काढून आणलं. फुल्या दाखवल्या, पातळाच्या काठाचं सांगितलं. योगिनी ओसरीच्या कडेवर बसली. तिनं विचारलेल्या प्रश्नांना काही उत्तरं रुपाबाईकडं होती, काही नव्हती. आवाज दर वर्षी येतो की यंदाच? यंदाच. वाढतो आहे का? ते नाही सांगता येत. उजेड दिसतो का? नाही दिसला.

"उद्या सहाले येते मी," योगिनी म्हणाली.

ती आली. स्वेटर, मफलर, गळ्यात दुर्बीण. रुपाबाई तिच्या आधीच बांधावर होती. पण रात्रभर कोरडा वारा सुटला होता, मेथीचं पान कोरडं ठक्क होतं, आणि टॉवर मुका उभा होता. दोघी अर्धा तास थांबल्या. योगिनीनं दुर्बिणीतून बशा एकेक करून पाहिल्या. सगळ्या साबूत दिसत होत्या.

"तुमाले खोटं वाटत असन," रुपाबाई म्हणाली.

"खोटं काहून वाटन? दव नाई. तुमीच त सांगितलं, दव पाह्यजे." योगिनीनं आपला नंबर तिच्या फोनमध्ये भरून दिला. "ज्या दिवशी टॉवर बोलन, त्या दिवशी मले उठवा."

पुढचे चार दिवस वारा पडलाच नाही. पाचव्या दिवशी उजाडताना रुपाबाई बाहेर आली तर समोरची विहीर दिसत नव्हती. नाल्यातून धुकं चढून मळ्यावर बसलं होतं. पावर हाऊसचे दिवे पिवळे पिवळे ठिपके झाले होते. ती सूप घेऊन धावतच नाल्याकडं गेली. तडतड होती, आणि आजवर कधी नव्हती इतकी मोठी होती. सूप लागतच नव्हतं. तिनं फोन लावला आणि काही न बोलता तो टॉवरच्या दिशेनं उंच धरला. परत कानाला लावला तेव्हा पलीकडून योगिनी म्हणत होती, "काकू, टॉवरखालून बाजूले व्हा. निघाली मी."

दहा मिनिटांत स्कूटीचा दिवा धुक्यातून आला, मागं धीरजची मोटारसायकल. तिघं बांधावर उभे राहिले. योगिनीनं सूप घेतलं, कानामागं धरलं, आणि हळूहळू वळवलं. तिचा चेहरा बदलताना रुपाबाईनं पाहिला.

"खालचा हात," योगिनी म्हणाली. "नाल्याकडचा."

धीरजनं तिच्या हातातून सूप घेतलं, ऐकलं, आणि रुपाबाईकडं न बघता म्हणाला, "काकू, माफ करजा."

"तू दुपारी आला होता रे. दुपारी मलेही नाई येत ऐकू."

धुकं विरलं तसे ते नाला ओलांडून पलीकडं गेले. बांधावरून साबूत दिसणाऱ्या माळेत, मागच्या अंगाला, वरून चौथ्या बशीवर एक काळी बारीक रेघ होती आणि काठाचा एक टवका उडालेला होता. योगिनीनं दुर्बीण रुपाबाईला दिली. रेघ सापडायला तिला वेळ लागला. सापडली तेव्हा ती म्हणाली, "मडक्याले जाते तसा तडा गेला."

त्या बशा तिथं कशाला असतात, हे तिला बारा वर्षांनी त्या सकाळी समजलं. तारेतली वीज लोखंडात उतरू नये म्हणून चिनी मातीची माळ मधे. तीच माळ तारेचं वजनही धरून ठेवते. बशीत तडा गेला की ओल आत शिरते, ओलीतून वीज वाट काढते, तीच ती तडतड. "अशी बशी किती दिवस टिकन, सांगता येत नाई," योगिनी म्हणाली. "दोन वर्षंही टिकन. नाई त पुढच्या पावसात फुटन, आन् तार खाली येईन." खालून मळ्याची पायवाट जात होती. मजूर बाया त्याच वाटेनं यायच्या, डोक्यावर पाट्या घेऊन. रुपाबाईनं त्या दिवसापासून वाट काट्या लावून बंद केली आणि सगळ्यांना विहिरीच्या अंगानं यायला लावलं.

पुढच्या रविवारी लाईन बंद ठेवली गेली. आधी गावोगाव कळवलं गेलं, मग सकाळी नऊ वाजता आतून तो बंदुकीचा बार झाला आणि घुंई थांबली.

रुपाबाई ओसरीवर होती. तिला आधी वाटलं, आपल्याच कानाला काही झालं. बारा वर्षांत ती कधी पूर्ण थांबली नव्हती असं नाही, पण अशी दिवसाउजेडी, ठरवून, चार तास कधी थांबली नव्हती. एकेक करून इतर आवाज वर यायला लागले. भिंतीपलीकडं गिट्टीवर चालणाऱ्या बुटांचा आवाज. शेजारच्या मळ्यात कुणीतरी खुरप्याला धार लावत होतं. बऱ्याच वर्षांनी रेल्वेचा भोंगा. आणि जवळ, अगदी जवळ, मारोतरावांचा श्वास. श्वास सोडताना त्यात बारीक शिट्टी वाजत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"दम लागते का तुमाले?"

"लागते थोडा. जिने-बिने चढताना."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असन," मारोतराव म्हणाले. "तू त सारं ऐकते, मले वाटलं तुले म्हाईत असन."

तिला माहीत नव्हतं. सोमवारी सकाळीच ती त्यांना वाशीमच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. दमा निघाला, औषधाचा फवारा मिळाला. पण ते दुसऱ्या दिवशीचं. रविवारी दुपारी ती टॉवरपासून लांब बांधावर बसून लाईनमन लोकांचं काम बघत होती. दोरीनं जुनी माळ खाली आली, नवी वर गेली. काम संपल्यावर धीरजनं उतरवलेल्या दोन बशा तिच्यासमोर ठेवल्या, एक तडकलेली आणि एक चांगली. तिला वाटलं होतं त्याहून त्या कितीतरी जड होत्या. एकेक भरल्या कळशीसारखी.

रुपाबाईनं पदर खोचला, बोट वाकवून चांगल्या बशीवर टकटक केली. बशी खणखणली. मग तडकलेलीवर केली. भद्द.

लाईनमन लोकांतला एक वयस्क माणूस हसला. "आमीही असंच वाजवून पाहतो, बाई," तो म्हणाला. "नवा माल आला की आधी वाजवतो."

"म्हंजे कुंभाराकडं जातो तसंच."

"तसंच."

लाईन परत सुरू करण्याआधी योगिनी तिला आत घेऊन गेली. डोक्यावर पिवळी टोपी घालून, आखलेल्या वाटेच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही असं बजावून, तिला गिट्टीच्या पट्टीवर उभं केलं. समोर तो ट्रान्सफॉर्मर होता, हिरवट करड्या रंगाचा, एखाद्या खोलीएवढा. रुपाबाई त्याला बारा वर्षं ऐकत होती आणि पहिल्यांदाच समोर बघत होती. आतल्या खोलीतून कुणीतरी काहीतरी सांगितलं, बार झाला, आणि घुंई उठली. ती इथं कानांच्या आधी पायांतून चढत होती, तळव्यांखालच्या गिट्टीतून.

"यात काय फिरते?" तिनं विचारलं. एवढ्या वर्षांत तिची समजूत होती की आत मोटरीसारखं काहीतरी फिरत असणार.

"काईच नाई फिरत. तेलात बुडवलेलं लोखंड हाय आन् त्याच्याभोवती तांब्याचे वेढे. वेढ्यातून वीज गेली की लोखंड लांबते, पुन्हा आखडते. केसाहूनही कमी. पण एका सेकंदात शंभर वेळा."

"शंभर वेळा," रुपाबाई म्हणाली. तिनं मनात मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "रोज तेवढ्याच वेळा?"

"रोज तेवढ्याच. साऱ्या देशात तेवढ्याच."

मग रुपाबाईनं तिला पांढरी पाच आणि काळी चारची गोष्ट सांगितली. योगिनीला पेटीतलं काही समजत नव्हतं. तिनं मोबाईलमध्ये शोधलं, आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. पेटीची खर्जातली पांढरी पाच अठ्ठ्याण्णव वेळा थरथरते, काळी चार एकशे चार वेळा. शंभर त्यांच्या मधे, पांढरी पाचच्या जवळ.

"हे तुमी बारा वर्षांआधी काढलं होतं?" योगिनीनं विचारलं.

"मी नाई. आमच्या यायनं पेटी वाजवली," रुपाबाई म्हणाली. "मी नुसतं ऐकलं." पण तिचा आनंद लपत नव्हता, आणि संध्याकाळी तिनं ते आकडे मारोतरावांना तीनदा सांगितले. हवेतून वीज कशी येते, हेही तिनं योगिनीला विचारून घेतलं होतं. ते मात्र तिला नीट समजलं नाही. योगिनी म्हणाली, मलाही कॉलेजात दोनदा वाचावं लागलं होतं.

ही गोष्ट भाजीबाजारात पसरायला वेळ लागला नाही. बाजारात रुपाबाईच्या शेजारी अनसिंगची तुळसाबाई वांगी घेऊन बसते. तिनं एक दिवस हळूच सांगितलं, "आमच्या घरामागं खांब हाय. थ्याच्यातून महिनाभर टकटक येऊन राह्यली. सून म्हणते, काईतरी वाईट हाय. तू येऊन ऐक ना."

"मी काय खांबांची डॉक्टर हाय?" रुपाबाई म्हणाली, आणि गुरुवारचा बाजार आटोपून तिच्याबरोबर अनसिंगच्या गाडीत बसली.

खांब घराच्या परसाला लागून होता. वारा होता. टक, टक, मग थांबा, मग एकदम दोन. रुपाबाई खांबाला हात न लावता त्याच्याभोवती लांबून एक चक्कर मारून आली. सूप मागवलं नाही, कारण नजर वर जाताच दिसलं. खांबावर धोक्याची खूण असलेली टिनाची पाटी होती. तिचा एक नट पडला होता आणि वाऱ्यानं ती खांबावर आपटत होती. तिनं धीरजला फोन करून खांबाचा नंबर सांगितला, तिथल्या वायरमनला कळवायला सांगितलं, आणि तुळसाबाईच्या सुनेला बजावलं की वायरमन येईपर्यंत काठीनंसुद्धा पाटीला शिवायचं नाही.

तुळसाबाईचा जरा विरस झाला होता. चहाची कपबशी पुढं करताना ती म्हणाली, "म्हंजे काईच नव्हतं?"

"टिन होतं ना," रुपाबाई म्हणाली. "घोर मिटला तुहा. आन् मले टिनाचा आवाज म्हाईत झाला."

परतीच्या गाडीला अजून अर्धा तास होता. ती परसात बाजेवर बसून चहा पीत राहिली. वारा पडला होता. तुळसाबाई काहीतरी सांगायला लागली तशी रुपाबाईनं हात वर करून तिला थांबवलं. लांब कुठंतरी बाभळी हलल्या, आणि मग वारा परसापर्यंत आला, तशी टिनाच्या टकटकीआड खांबाची, लहानपणी ऐकली होती तशीच, गुणगुण ऐकू आली.